झुबकीच्या मापाचं दार

कान इकडे. डोळे इकडे. चुळबुळ बंद! हं, आता सांगते.

जांभळाचं झाड होतं. झाडाला होती एक ढोली. ढोलीत राहायची एक खार. पाठीवर पट्टे आणि मागे ही एवढी झुबकेदार शेपटी. म्हणून तिचं नाव झुबकी.

झुबकीला होती तीन पिल्लं. अगदी इवली इवली. अजून डोळेसुद्धा उघडले नव्हते त्यांनी. ढोलीच्या तोंडाशी होतं एक दार. कसलं दार? सालीचा एक तुकडा, बस्स!

एकदा दुपारी वारा आला. सूं सूं सूं! दार हललं. लटलट लटलट! दार उडालं. भुर्रर्र! गेलं ते गेलंच.

आता ढोली उघडी. पिल्लं उघडी. आणि समोर कुंपणावर कोण बसलं होतं? बोका! काळा काळा, जाडा जाडा बोका. तो ढोलीकडे बघत होता. मिशा चाटत होता.

"ऊन उतरलं की येतो हं," बोका म्हणाला. "उन्हात पाय भाजतात माझे."

अगं बाई गं! ऊन उतरायच्या आत दार हवं. नाहीतर पिल्लांचं काही खरं नाही.

झाडाखालीच होता केरू मेस्त्रींचा कारखाना. केरू मेस्त्री घरांची दारं करायचे. खिडक्या करायचे. जिने करायचे. पण एकासारखं दुसरं? नाव काढू नका! ज्याचं घर, त्याचं माप. उंच मास्तरांना उंच दार. ठेंगण्या आजोबांना खाली कडी. घरात रांगतं बाळ असलं, तर दाराच्या कडा गोल गोल, गुळगुळीत. बाळाला लागायला नको ना!

झुबकी रोज वरून बघायची. मेस्त्रींचा रंधा चालायचा, सर्र सर्र. लाकूड गुळगुळीत व्हायचं. दार उभं राहायचं, सरळ आणि देखणं. झुबकी शेंग खायची विसरायची.

"काय हात आहे मेस्त्रीकाकांचा!" ती म्हणायची.

आज झुबकी खाली आली. सुर्र टुण्, सुर्र टुण्.

"मेस्त्रीकाका, मेस्त्रीकाका, दार करा.
दार उडालं, ढोली उघडी.
आणि बोका काही थांबेना!"

मेस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली. झाडाला शिडी लावली. वर चढले. माप घेतलं. एक डोळा मिटून पुन्हा माप घेतलं.

"अहाहा!" मेस्त्री म्हणाले. "वरून गोल, खालून चपटी, डावीकडे जराशी फुगीर. असं दार बाजारात मिळायचं नाही, झुबके. हे मापानेच करायला हवं."

"मग करा ना, काका! पटकन एक फळी ठोका!"

"ठोका?" मेस्त्रींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "शिव शिव! अगं, केरू मेस्त्री दार ठोकत नाही. केरू मेस्त्री दार जोडतो. हे बघ. एका लाकडाला करायची जीभ. तिला म्हणायचं कुसू. दुसऱ्या लाकडाला करायचं तोंड. त्याला म्हणायची खाच. कुसू गेलं खाचेत, की ओढा, ढकला, वर चढून नाचा! सुटायचं नाव नाही."

झुबकीने आपली जीभ तोंडात घातली. तोंड घट्ट मिटलं. खरंच की! सुटत नाही.

मेस्त्रींनी पटाशी उचलली. पटाशी म्हणजे लाकूड कोरायचं चपटं हत्यार. त्यांनी तिचं पातं निरखलं आणि मान हलवली.

"पटाशी बोथट झालीय. बोथट पटाशीने खाच फाटते. मग दाराला फट राहते. आणि फटीतून आत कोण येतं?"

"बो... बोक्याचा पंजा!"

"म्हणून म्हणतो. आधी पटाशीला धार येऊ दे. मग मी दार करतो."

झुबकी निघाली. सुर्र टुण्, सुर्र टुण्. पटाशीपाशी आली.

"पटाशीबाई, पटाशीबाई, धार घ्या.
पटाशीला धार येईना, दाराचं काम होईना.
आणि बोका काही थांबेना!"

पटाशी फणकारली. "मी काय मुद्दाम बोथट झालेय? आठ दिवस सागाशी झगडतेय! मास्तरांचं दार केलं, शाळेची खिडकी केली. दमले बाई! आधी दगडाने मला घासू दे. मग मी धार घेते."

कुंपणावर बोक्याने आळस दिला. आऽऽऽ!

झुबकी निघाली. सुर्र टुण्, सुर्र टुण्. धारेच्या दगडापाशी आली. दगड कोपऱ्यात पडला होता. जाड, काळा, गप्प.

"दगडदादा, दगडदादा, पटाशी घासा.
दगड घासेना, पटाशीला धार येईना.
पटाशीला धार येईना, दाराचं काम होईना.
आणि बोका काही थांबेना!"

"हूं," दगड म्हणाला. "कोरडा घासू? पातं तापेल. पातं जळेल. मग मेस्त्री मला रागावतील. ते चालायचं नाही. आधी कळशीने पाणी घालू दे. मग मी घासतो."

कुंपणावर बोक्याने एक पंजा चाटला. चप् चप्.

झुबकी निघाली. सुर्र टुण्, सुर्र टुण्. कळशीपाशी आली. तांब्याची कळशी पालथी पडून घोरत होती.

"कळशीताई, कळशीताई, पाणी घाला.
कळशी पाणी घालेना, दगड घासेना.
दगड घासेना, पटाशीला धार येईना.
पटाशीला धार येईना, दाराचं काम होईना.
आणि बोका काही थांबेना!"

कळशी जागी झाली. टण्ण वाजली. "मी रिकामी... मी... मी..." तिच्या पोटातून आवाज आला. "थेंब नाही आत... आत... आत... आधी काकूंना पाणी काढू दे... दे... दे... मग मी घालते... ते... ते..."

"आत? दे? ते?" झुबकी गोंधळली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. काकूंना सांगायचं होय!

कुंपणावर बोक्याने दुसरा पंजा चाटला. चप् चप्.

झुबकी निघाली. सुर्र टुण्, सुर्र टुण्. शेवंताकाकूंपाशी आली. शेवंताकाकू म्हणजे केरू मेस्त्रींच्या बायको. त्या लाकडाचा भुसा झाडत होत्या. खर्र खर्र, खर्र खर्र.

"काकू, काकू, पाणी काढा.
पाणी कुणी काढेना, कळशी पाणी घालेना.
कळशी पाणी घालेना, दगड घासेना.
दगड घासेना, पटाशीला धार येईना.
पटाशीला धार येईना, दाराचं काम होईना.
आणि बोका काही थांबेना!"

काकूंनी केरसुणी खाली ठेवली. कमरेवर हात ठेवले.

"अगं माझे बाई, किती धापा टाकतेयस! मी काढीन गं पाणी. पण विहिरीवरचा राहाट सकाळपासून फिरत नाही. सकाळपासून चहासुद्धा नाही मला! आधी राहाटाला फिरू दे. मग मी पाणी काढते."

कुंपणावरचा बोका उठून उभा राहिला.

झुबकी निघाली. आता सुर्र टुण् नाही. आता सुर्रर्रर्र! विहिरीपाशी आली. विहिरीवर होता राहाट. लाकडाचं मोठं चाक. त्याच्यावर दोर.

"राहाटबुवा, राहाटबुवा, गरगर फिरा.
राहाट गरगर फिरेना, पाणी कुणी काढेना.
पाणी कुणी काढेना, कळशी पाणी घालेना.
कळशी पाणी घालेना, दगड घासेना.
दगड घासेना, पटाशीला धार येईना.
पटाशीला धार येईना, दाराचं काम होईना.
आणि बोका काही थांबेना!"

राहाट कुरकुरला. "कर्र कर्र! कसा फिरू? माझी खुंटी निसटली. डुबुक! विहिरीत गेली. खुंटी नाही आणि मी फिरलो, तर मीही डुबुक! आधी खुंटी बसू दे. मग मी फिरतो."

"खुंटी कोण करतं?" झुबकीने विचारलं.

"एवढंही ठाऊक नाही? मेस्त्री करतात!"

वा! मेस्त्रीकाका तर आपलेच! झुबकी पळाली. सुर्रर्रर्र!

"मेस्त्रीकाका, मेस्त्रीकाका, खुंटी करा.
खुंटी जागी बसेना, राहाट गरगर फिरेना.
राहाट गरगर फिरेना, पाणी कुणी काढेना.
पाणी कुणी काढेना, कळशी पाणी घालेना.
कळशी पाणी घालेना, दगड घासेना.
दगड घासेना, पटाशीला धार येईना.
पटाशीला धार येईना, दाराचं काम होईना.
आणि बोका काही थांबेना!"

"खुंटी? त्यात काय! आत्ता करतो," मेस्त्री म्हणाले. "कुठाय माझी पटाशी?"

"मी बोथट!" पटाशी म्हणाली. "दगड कुठाय?"

"मी कोरडा!" दगड म्हणाला. "कळशी कुठाय?"

"मी रिकामी... मी... मी..." कळशी म्हणाली. "काकू कुठायत?"

"मी इथेच आहे!" काकू म्हणाल्या. "राहाट कुठाय?"

"मी अडलोय!" राहाट म्हणाला. "खुंटी कुठाय?"

"खुंटी मी करतो," मेस्त्री म्हणाले. "पण कुठाय माझी पटा..."

आणि मेस्त्री थांबले. सगळे थांबले. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. हात्तिच्या! हे तर गोल गोल गोल!

काकू मेस्त्रींकडे वळल्या. "अहो, पंधरा दिवस सांगतेय मी. राहाटाची खुंटी हलतेय, राहाटाची खुंटी हलतेय! गावभर दारं करत फिरता. घरच्या खुंटीला वेळ नाही."

मेस्त्रींनी पेन्सिल कानावर ठेवली. काढली. पुन्हा ठेवली. "चुकलंच माझं," ते हळूच म्हणाले. "आज करू, उद्या करू म्हणत राहिलो."

कुंपणावरून बोका खाली उतरला. धप्प! सावली सावलीतून निघाला आणि उन्हाच्या पट्ट्याशी टपून बसला. वर ढोलीत पिल्लं ओरडायला लागली. चिक चिक! चिक चिक!

झुबकीला रडूच फुटलं. ती थरथर कापायला लागली. तिचे दात वाजायला लागले. कट कट कट, कट कट कट.

कट कट कट? झुबकी एकदम गप्प झाली. तिने दातांना हात लावून बघितला. वर दोन, खाली दोन. चपटे. धारदार. रोज शेंगा फोडणारे, बिया कोरणारे. चार इवल्या इवल्या पटाश्याच की!

"मी करते खुंटी!" झुबकी म्हणाली.

"तू?" पटाशी म्हणाली.

"हूं?" दगड म्हणाला.

"करू दे तिला," मेस्त्री म्हणाले.

झुबकीने बाभळीची एक काडी आणली. चांगली टणक. कुरतुड कुरतुड, कुरतुड कुरतुड! खुंटी राहाटाच्या भोकाला लावली. जाड झाली! आत जाईना.

दुसरी काडी आणली. कुरतुड कुरतुड, कुरतुड कुरतुड! खुंटी भोकात घातली. बारीक झाली! डुबुक! गेली विहिरीत.

"माप घे, माप," मेस्त्री हळूच म्हणाले.

हो की! माप! ज्याचं घर, त्याचं माप. झुबकीने भोकात पुढचा पाय घातला. कोपराच्याही पुढे गेला. खांद्याशी अडला. झुबकीने एक डोळा मिटला. अगदी मेस्त्रींसारखा. मग तिसरी काडी घेतली. कुरतुड, थांब, बघ. कुरतुड, थांब, बघ. इकडून थोडं. तिकडून थोडं. टोक निमुळतं. अंग गोल.

खुंटी भोकात घातली. डोक्याने ढकलली. एक, दोन, तीन... खट्!

मेस्त्री पुढे आले. खुंटी ओढून बघितली. निघाली नाही. हलवून बघितली. हलली नाही. मेस्त्रींचे डोळे चमकले.

"खिळा नाही, डिंक नाही, आणि बसलीय बघा कशी!" ते म्हणाले. "शेवंता, अगं बघ तरी! मला हे जमायला दोन वर्षं लागली होती."

"बघतेय, बघतेय! आता बाजूला व्हा," काकू म्हणाल्या आणि त्यांनी दोर धरला.

आणि मग काय विचारता!

खुंटी जागी बसली, राहाट फिरला. गरगर गरगर!
राहाट फिरला, काकूंनी पाणी काढलं. सळसळ सळसळ!
काकूंनी पाणी काढलं, कळशी भरली. बुडबुड बुडबुड!
कळशीने पाणी घातलं, दगड भिजला. चुर्रर्र!
दगडाने पटाशी घासली, पटाशीला धार आली. झर्र झर्र, चमचम!
पटाशीला धार आली, दाराचं काम सुरू झालं. टक टक, टक टक!

मेस्त्रींनी सागाचे दोन तुकडे घेतले. मास्तरांच्या दारातून उरलेले. रंधा फिरवला. सर्र सर्र. एका तुकड्याला कुसू काढलं. दुसऱ्याला खाच कोरली. कुसू खाचेत घातलं. लाकडाच्या मोगरीने एकच टोला दिला. टोक्! दोन तुकड्यांचं एक लाकूड झालं. जोड कुठे आहे ते झुबकीने शोधलं. नाकाने शोधलं, नखाने शोधलं. तिला सापडलाच नाही.

मग वरून गोल केलं. खालून चपटं केलं. डावीकडे जरासं फुगीर केलं. फिरायला वर एक खुंटी, खाली एक खुंटी. आणि आतून लावायला अडसर, तुमच्या करंगळीएवढा.

मेस्त्री शिडीवर चढले. दार बसवलं. झुबकी आत गेली. पिल्लांना हुंगलं. एक, दोन, तीन. आहेत सगळी! तिने दार ओढलं. टप्प! अडसर लावला. खट्!

आणि ऊन उतरलं.

बोका आला. खोडावर चढला. खर्र खर्र, खर्र खर्र. आत झुबकीला सगळं ऐकू येत होतं. तिने पिल्लांना पोटाशी घट्ट धरलं.

खाली काकूंनी केरसुणी उचलली. "अहो, हाकला ना त्याला!"

"थांब गं," मेस्त्री म्हणाले. "दार बघू दे की त्यालाही."

बोक्याने वर पंजा घातला. फट नाही. खाली पंजा घातला. फट नाही. उजवीकडे फट नाही. डावीकडे, जिथे जरासं फुगीर होतं ना, तिथेही फट नाही! बोक्याने दार ढकललं. हललं नाही. बोक्याने नख लावलं. नख घसरलं. बोकाही घसरला. सर्रर्रर्र, धप्प!

बोका उठला. अंग झटकलं. मान वर करून दाराकडे बघत बसला. बराच वेळ बघत बसला.

"मी गावातली सगळी दारं बघितलीत," तो म्हणाला. "कुठे ना कुठे फट असतेच. या दाराला एकसुद्धा नाही. कुणी केलं हे?"

"दार केलं मी," केरू मेस्त्री म्हणाले. "पण माझी पटाशी अडली होती. ती अडचण सोडवली दुसऱ्या मेस्त्रींनी, खुंटी करून."

"दुसरे मेस्त्री? कोण दुसरे मेस्त्री?"

"वर राहतात. विचार की."

बोका खालूनच ओरडला, "म्याँव! आत कोण आहे?"

आतून आवाज आला. अगदी बारीक, पण अगदी खणखणीत.

"झुबकी मेस्त्री!"

बोका मुकाट्याने वळला आणि चालू लागला. केरू मेस्त्री हसले. काकूंनी केरसुणी ठेवली आणि चहाला आधण ठेवायला गेल्या.

कुसू खाचेत, पिल्लं कुशीत.
दार मिटलं टप्प, गोष्ट झाली गप्प!